जुना नळ काढताना

नवा नळ बसवायला दहा मिनिटं पुरतात. जुना काढायला किती वेळ लागेल, हे मात्र कुणीच सांगू शकत नाही. दुकानात आपण चकचकीत नळ निवडतो, दुकानदार खोक्यात टेफ्लॉन टेपचं एक वेटोळं टाकतो आणि म्हणतो, ‘‘काही नाही साहेब, जुना फिरवून काढायचा, नवा फिरवून बसवायचा.’’ या वाक्याचा दुसरा अर्धा भाग खरा असतो. पहिल्या अर्ध्याचा अनुभव घरी आल्यावर येतो.

श्रोतेहो, कवीला बोलावलं की तो कवितेवर बोलणार, असं तुम्ही गृहीत धरलं असेल. मला आज स्वयंपाकघरातल्या नळाविषयी बोलायचं आहे. तेही जुन्या, अडून बसलेल्या, पाना लावला तरी न हलणाऱ्या नळाविषयी. ज्यांची घरं तीस-चाळीस वर्षांपूर्वीची आहेत, त्यांच्या ओट्यावर असा एखादा नळ आजही असेल. तो काढण्याची एक रीत आहे. रीत ठाऊक नसली तर नळाबरोबर भिंत जाते, भिंतीबरोबर फरशी जाते आणि घराचं पाणी तुटतं. रीत ठाऊक असली तर यातलं काहीच होत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं, यात काय मोठंसं!

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. ‘नळ’ हा शब्द संस्कृत ‘नल’वरून आला. नल म्हणजे बोरूसारखं पोकळ गवत. नळी, नळकांडं ही त्याचीच भावंडं. म्हणजे पाणी आणणारी पोकळ नळी, तो खरा नळ. आपण ज्याला रोज हात लावतो ती नुसती तोटी. खरा नळ भिंतीच्या पोटात असतो, तो आपल्याला दिसत नाही, आणि म्हणूनच तोटीशी झोंबताना आपण त्याला विसरतो.

जुन्या घरांत भिंतीच्या आतून अर्धा इंची लोखंडी पाईप येतो. त्यावर जस्ताचा मुलामा असतो. मिस्त्री लोक त्याला जीआय म्हणतात. ओट्यापाशी त्याच्या टोकाला एक एल्बो असतो, म्हणजे काटकोनात वळलेला तुकडा. त्याच्या आतल्या बाजूला आटे असतात. पितळी नळाच्या शेपटीवर बाहेरून आटे असतात. अर्धा इंची पाईपच्या आट्यांचं माप ठरलेलं आहे : एका इंचात १४ आटे. नळाची शेपटी भिंतीत शिरते ती जेमतेम अर्धा-पाऊण इंच. म्हणजे सगळं भांडण काय ते सात-दहा आट्यांचं! पूर्वी या आट्यांवर सुतळीचे धागे गुंडाळून वर सफेदा फासत आणि नळ गच्च आवळत. सुतळी पाण्याने फुगायची, सफेदा वाळून दगड व्हायचा आणि थेंबही बाहेर यायचा नाही.

मग वर्षं जातात. लोखंडी पाईपला आटे पाडताना तिथला जस्ताचा मुलामा कापला गेलेला असतो, त्यामुळे गंज पहिला तिथेच धरतो. त्यात लोखंडाला पितळ टेकलेलं आणि दोघांत पाणी. दोन वेगळे धातू असे ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले की त्यांतला एक झिजत जातो. इथे झिजतं ते लोखंड. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. ती नसली की तो आट्यांच्या फटीत ठासून बसतो. उरलेल्या जागेत पाण्यातला क्षार साचतो. बोअरच्या पाण्याने किटलीच्या तळाला जो पांढरा थर धरतो, तोच हा. सुतळी, सफेदा, गंज आणि क्षार मिळून तिथे एक नवाच दगड तयार होतो. म्हणून नळ हलत नाही. तो हट्टी वगैरे काही नसतो. त्याला सगळीकडून धरून ठेवलेलं असतं.

आमचं घर सोलापुरात आहे. अब्बा गिरणीत होते. १९७६ साली त्यांनी हे घर बांधलं आणि ओट्यावर एक जाड पितळी नळ बसवून घेतला. त्या नळाला मुलामा नव्हता. अम्मी चिंचेने तो घासायची आणि सणासुदीला तो भांड्यांसारखा झळकायचा. आज अम्मी ७८ वर्षांची आहे. संधिवाताने तिची बोटं वाकली आहेत. तो जुना नळ पुरता बंद करायला त्याची मूठ तीन-चार वेळा फिरवावी लागते आणि शेवटी जोर द्यावा लागतो. तिला ते जमेनासं झालं. आधी ती मुठीला फडकं गुंडाळून फिरवायची. मग तेही होईना. नळ थेंब थेंब गळू लागला आणि त्याखाली बादली आली.

आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. आमच्या भागात चौथ्या दिवशी येतं. अशा घरात गळका नळ म्हणजे फाटका खिसा. शिवाय अम्मी एका लोट्यात वजू उरकणारी बाई. नदीकाठी बसला असाल तरी वजूचं पाणी जपून वापरा, ही शिकवण तिने आम्हा भावंडांना लहानपणी दिलेली. रात्री बादलीत थेंब पडायला लागले की ती उठून बसायची. ते पाणी वाया जात नव्हतं, आम्ही ते झाडांना घालत होतो. पण आपल्या हातून नळ बंद होत नाही, हे तिला सोसवत नव्हतं.

नुसतं गळणं असतं तर नळ काढायची गरजच नव्हती. हे मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळ नळ विनाकारण काढले जातात. नळ गळतो तो बहुतेक वेळा आतल्या रबरी वॉशरमुळे. पाणी बंद करून नळाचा फक्त वरचा भाग पान्याने उघडायचा, दांडीच्या टोकाचा वॉशर बदलायचा, पुन्हा बसवायचा. भिंतीला धक्का लागत नाही आणि खर्च चहाइतकाच. आमचा वॉशर वर्षात तीनदा बदलून झाला होता. पण वॉशर ज्या कडेवर टेकतो ती कडच झिजलेली होती. दुसरं म्हणजे नळाच्या मानेवर एक लालसर गुलाबी डाग आला होता. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. वर्षानुवर्षांच्या पाण्याने त्यातलं जस्त निघून जातं, मागे तांबं उरतं, ते स्पंजासारखं ठिसूळ होतं आणि रंग असा लालसर होतो. असा डाग दिसला की नळाचं आयुष्य संपलं समजावं. आणि तिसरं कारण अम्मीच्या बोटांचं. हल्ली लांब दांडीचे नळ मिळतात, ते पाव फेऱ्यात उघडतात आणि पाव फेऱ्यात बंद होतात. आत वॉशरऐवजी चिनी मातीच्या दोन गुळगुळीत चकत्या असतात. बोटांची गरज नाही, मनगटाने ढकललं तरी चालतं. तसा नळ आणायचं ठरलं.

अम्मीने एकच अट घातली. घरात आम्ही दख्खनी बोलतो. ती म्हणाली, ‘‘नल बदल, पन दीवार नक्को तोड.’’

ही अट भाबडी नव्हती. आमच्याच गल्लीत एका घरी असाच नळ काढायला घेतला होता. नळ हलेना, तेव्हा कुणीतरी पान्याच्या दांड्यात तीन फुटी पाईप घातला. दांडा लांबला की जोर कितीतरी पट वाढतो, हे आपण शाळेत शिकलो आहोत. नळ फिरला, पण एकटा नाही. भिंतीतल्या एल्बोला घेऊन फिरला. आतला गंजलेला पाईप पिळवटून तुटला. तो जोडायला भिंत फोडली, तर वरचा तुकडाही सडलेला निघाला. छतापर्यंत चर खणावा लागला. आठ दिवस त्या घरातल्या बायका शेजारून कळश्या आणत होत्या. अम्मीने हे सगळं पाहिलं होतं.

आम्ही ज्या मिस्त्रींना बोलावलं ते साठीच्या पुढचे, गिरणीच्या देखभाल खात्यात हात बसलेले. पहिल्या दिवशी ते आले आणि त्यांनी पिशवी उघडलीच नाही. नळाभोवती बोट फिरवलं. भिंतीवर टिचक्या मारून पाईप कुठून खाली येतो ते ऐकलं. मग प्रश्न सुरू झाले. नळ कोणत्या सालचा? मध्ये कधी बदलला होता का? टाकीखालचा वॉल्व्ह फिरतो का? पाणी कधी येणार?

टाकीखालचा वॉल्व्ह फिरत नव्हता. जुन्या घरांत हे ठरलेलं. पितळी नळाइतकाच तो वॉल्व्हही वर्षानुवर्षं हात न लावल्याने जाम झालेला असतो. मिस्त्रींनी त्याच्यावर जोर केला नाही. ‘‘एक दुखणं काढायला दुसरं कशाला उभं करायचं ओ?’’ म्हणाले. त्याऐवजी त्यांनी दिवस निवडला. पाणी उद्या सकाळी येणार असेल तर काम आज सकाळी करायचं. तिसऱ्या दिवशी टाकीत तसंही फारसं पाणी नसतं. आदल्या रात्री घरातली सगळी भांडी भरून घ्यायची आणि सकाळी उरलेली टाकी खालचे नळ सोडून रिकामी करायची. टाकी रिकामी, भांडी भरलेली. यात एक धोका होता, तोही त्यांनी सांगून टाकला. काम चोवीस तासांत पुरं झालं नाही, तर उद्याचं पाणी टाकीत चढवता येणार नाही आणि पुढचे चार दिवस कोरडे जातील. त्यासाठी त्यांनी अर्धा इंची प्लग आधीच आणून ठेवायला सांगितला. काहीच जमलं नाही तर त्या प्लगने एल्बोचं तोंड बंद करता येतं, म्हणजे बाकीच्या घराला पाणी मिळतं. आणि काम सकाळीच सुरू करायचं. संध्याकाळी एखादा तुकडा कमी पडला तर दुकानं बंद असतात.

आदल्या संध्याकाळी ते पुन्हा आले. तारेच्या ब्रशने नळ आणि भिंत यांच्या सांध्यावरचा जुना रंग, साबणाचा थर, सिमेंटचे कण खरवडून काढले. पांढरा क्षार जमला होता तिथे व्हिनेगरमध्ये भिजवलेली चिंधी तासभर गुंडाळून ठेवली. हा क्षार म्हणजे बहुतांशी चुनखडीच. तो सौम्य आंबटाने विरघळतो. मग सांधा पुसून गंज सोडवणाऱ्या तेलाचा फवारा मारला. पूर्वी हे काम रॉकेलने व्हायचं. आता रॉकेल सहजी मिळत नाही. फवारा मारल्यावर हातोडीने नळाच्या मानेवर चहूबाजूंनी हलके ठोके दिले. ठोके अंडं फोडावं इतक्याच जोराचे. त्याने गंजाच्या थराला बारीक तडे जातात आणि तेलाला आत शिरायला वाट मिळते. रात्री झोपण्यापूर्वी आणखी एकदा फवारा मारा, असं सांगून ते गेले. तेलाला काम करायला रात्र द्यायची, माणसाने मध्ये यायचं नाही.

इथे दोन-तीन गोष्टी करू नका, असं कळकळीने सांगतो. संडास धुण्याचं अ‍ॅसिड नळाच्या सांध्यावर ओतू नका. ते गंजाबरोबर जस्त आणि पितळही खातं, त्याची वाफ छातीत जाते आणि ते ब्लिचिंगमध्ये मिसळलं तर विषारी वायू होतो. दुसरं, दिव्याची ज्योत लावून नळ तापवण्याची काही मिस्त्रींना सवय असते. स्वयंपाकघरात गॅसचं सिलिंडर असतं, आणि आदल्या रात्री फवारलेलं तेलही पेट घेऊ शकतं. शिवाय भिंतीतला पाईप मध्येच कधी प्लास्टिकचा टाकलेला असला तर तो वितळेल. उष्णता द्यायचीच तर उकळत्या पाण्यात भिजवलेलं फडकं चिमट्याने धरून नळाच्या मानेवर गुंडाळावं. यात एक गंमत आहे. तापल्यावर पितळ लोखंडापेक्षा सुमारे दीडपट जास्त फुगतं. नळाची पितळी शेपटी लोखंडी एल्बोच्या आत असते, त्यामुळे तापल्याबरोबर ती अधिकच घट्ट होते आणि सांध्यातला थर चिरडते. गार झाली की आक्रसते. म्हणून फडकं काढल्या काढल्या पाना लावायचा नाही. गार होऊ द्यायचं. आमच्या मिस्त्रींनी हे तीनदा केलं.

तिसरं, नळाच्या चोचीला धरून तो कधीही फिरवू नका. हाताला ती सोयीची वाटते, पण सगळा जोर मानेवर येतो, आणि मान ठिसूळ झालेली असली तर नळ हातात येतो आणि शेपटी भिंतीत राहते. पाना लावायचा तो भिंतीला जवळात जवळ, नळाच्या अंगावर.

कामाच्या सकाळी मिस्त्रींनी आधी नव्या नळाची वाटी मागून घेतली. वाटी म्हणजे नळाच्या मुळाशी भिंतीला टेकणारी ती गोल चकती. ती त्यांनी तीन इंची, मोठी आणायला सांगितली होती. जुन्या नळाच्या भोवती त्यांनी त्या मापाचं एक वर्तुळ पेन्सिलने आखलं आणि अम्मीला बोलावलं. ‘‘अम्मा, या रेघेच्या आतच उकरतो. रेघ ओलांडली तर मला घराबाहेर काढा.’’ अम्मीने चष्मा लावून ते वर्तुळ पाहिलं आणि मान हलवली. तिथे फरशी नव्हती, ऑईलपेंट दिलेला गिलावा होता, हे आमचं नशीब. छोट्या छन्नीने त्यांनी वर्तुळाच्या आतला गिलावा चिमूट चिमूट काढला. दोन बोटं खोल गेल्यावर एल्बोची कड दिसली. एवढीच त्यांना हवी होती.

आता या सगळ्या कामातलं मर्म सांगतो. जुना नळ काढायला पाने दोन लागतात. एक नळाला, दुसरा एल्बोला. पहिला फिरवायचा, दुसरा धरून ठेवायचा. नळ काढताना आपलं सगळं लक्ष जे काढायचं आहे त्याच्यावर असतं. खरं लक्ष जे राहायचं आहे त्याच्यावर हवं. दुसरा पाना त्यासाठी. गल्लीतल्या त्या घरात जोर कमी पडला नव्हता, दुसरा पाना कमी पडला होता.

तो दुसरा पाना मिस्त्रींनी माझ्या हातात दिला. ‘‘तुम्ही फक्त धरायचं. ढकलायचं नाही, ओढायचं नाही. एल्बो हलला असं वाटलं तर लगेच ‘थांबा’ म्हणायचं.’’ मी धरला. त्यांनी आपला पाना लावला आणि नळ उघडण्याऐवजी किंचित आवळला. केसभरच. मला नवल वाटलं. ते म्हणाले, तो ज्या दिशेला जायला तयार आहे त्या दिशेला आधी थोडा जाऊ द्यायचा. थर कुठूनही फुटला की झालं. आवळून झाल्यावर उलट दिशेला, घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध, जोर दिला; झटका न देता, अंगाचा भार हळूहळू टाकत. काही झालं नाही. पुन्हा फवारा, पुन्हा दहा मिनिटं थांबणं. अम्मी दारात तसबीह घेऊन उभी होती. कुणीच बोलत नव्हतं.

तिसऱ्या खेपेला ‘कट’ असा आवाज आला. माझा हात थरथरला. वाटलं, पाईप गेला. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर मात्र समाधान होतं. या आवाजांचंही एक शास्त्र आहे. कोरडा ‘कट’ आवाज किंवा करकर ऐकू आली तर समजावं, थर फुटला, आटे सुटताहेत. नळ काही आवाज न करता लोण्यासारखा मऊ फिरू लागला तर लगेच थांबावं. धातू पिळला जातो आहे. आणि नळाबरोबर एल्बोची कडही फिरताना दिसली, तर एक घरही पुढे जायचं नाही.

सुटल्यावरही त्यांनी तो सरळ काढला नाही. पाव फेरा पुढे, थोडा मागे, पुन्हा पाव फेरा पुढे, मधूनमधून तेल. आट्यांत अडकलेला गंजाचा चुरा असा मागेपुढे केल्याने बाहेर पडतो. नाहीतर तोच पाचर होऊन पुन्हा अडकवतो. चाळीस मिनिटांनी नळ त्यांच्या हातात आला. आट्यांवर १९७६ सालची सुतळी अजून होती, काळी पडलेली, पण धागा न् धागा शाबूत. शेपटीचे शेवटचे दोन आटे मात्र खाऊन गेलेले.

तुमच्याकडे नळ तुटलाच आणि शेपटी आत राहिली, तरी घाबरून भिंत फोडायला घेऊ नका. करवतीचं सुटं पातं घेऊन त्या अडकलेल्या पितळी नळकांड्याला आतून लांबीच्या दिशेने दोन खाचा पाडतात. पितळ लोखंडापेक्षा मऊ असतं, त्यामुळे पातं लोखंडाला लागू लागलं की हाताला ते कळतं. तिथे थांबायचं. मग बारीक छन्नीने दोन खाचांमधली चीप आत वळवली की उरलेलं नळकांडं सैल पडतं. हे काम तासाभराचं आहे, पण ते सवयीच्या हातानेच व्हावं.

नळ निघाल्यावर एल्बोच्या तोंडातून बॅटरीने आत पाहिलं. अर्ध्या इंचाच्या भोकात गंजाच्या गाठी वाढून जेमतेम पेन्सिल जाईल एवढी वाट उरली होती. नळाला धार का लागत नव्हती, याचं उत्तर मिळालं. मिस्त्री म्हणाले, ‘‘हा पाईप एक दिवस बदलावाच लागणार बघा. पण तो दिवस तुम्ही ठरवायचा. नळाने ठरवायचा नाही.’’ मला हे फार पटलं. अम्मीच्या अटीचा अर्थही बहुधा तोच होता. भिंत कधीच फोडायची नाही, असं तिचं म्हणणं नव्हतं. ती कुणाच्या उतावळेपणामुळे फुटू नये, एवढंच म्हणणं होतं. आम्ही कवी मंडळी कवितेतला एखादा जुना शब्द काढतो, तेव्हा शेजारच्या शब्दांना धरून ठेवावं लागतं, नाहीतर ओळच कोसळते. मिस्त्रींना ते अधिक चांगलं जमत होतं.

पुढचं काम सोपं. एल्बोचे आटे जुन्या दातब्रशाने घासून साफ केले. निघालेला चुरा कागदात गोळा करून फेकला. पूर्वीच्या सफेद्यात शिसं असायचं, त्यामुळे तो पिण्याच्या पाण्यात जाऊ देऊ नये आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. नवा नळ बसवण्याआधी दोन तांबे पाणी टाकीत ओतून पाईपमधून सोडलं, लाल गढूळ पाणी निघालं. हे विसरू नये. गंजाचा एक कण नव्या नळाच्या त्या चकत्यांमध्ये गेला तर त्यावर ओरखडा पडतो आणि नवा कोरा नळ पहिल्याच दिवशी गळतो. मग टेफ्लॉन टेप. ती नळ ज्या दिशेने आवळायचा त्याच दिशेने गुंडाळायची, नाहीतर बसवताना उलगडत जाते. जुन्या झिजलेल्या एल्बोसाठी बारा-पंधरा वेढे लागतात. बसवताना चोच सरळ खाली यायला हवी. ती थोडी पुढे गेली तर मागे फिरवून सरळ करू नये, टेपचा बंद तुटतो. नळ पूर्ण काढून, नवी टेप गुंडाळून पुन्हा बसवावा.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं. सांध्याभोवती वर्तमानपत्राचा कोरडा कागद धरून पाहिला, ओल नव्हती. पहिली बादली पिण्याला न घेता ओतून दिली. मोठ्या वाटीखाली पेन्सिलची रेघ पूर्ण झाकली गेली होती. अम्मीने वजूसाठी लोटा पुढे केला, हाताच्या पाठीने दांडी ढकलली, लोटा भरला, पुन्हा पाठीनेच बंद केली. मग तिने खाली ठेवलेली बादली स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवली.

मिस्त्रींनी सांगितलेले पैसे ऐकून शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, ‘‘एक नळ काढायचे एवढे?’’ आपली गंमत अशी की तोडफोड झाली तर तिचे पैसे आपण मुकाट्याने देतो, कारण ती दिसते. विटा दिसतात, सिमेंटची पोती दिसतात. न झालेली तोडफोड दिसत नाही. दोन संध्याकाळी येऊन नुसतं पाहणं, फवारा मारून थांबणं, रेघ आखणं, ही मजुरी आपल्या हिशेबात बसत नाही. ज्याला थांबता येतं अशा कारागिराला दोन पैसे जास्त द्यावेत, असं माझं मत आहे. भिंतीच्या हिशेबाने ते स्वस्तच पडतात.

जाता जाता त्यांनी टाकीखालच्या वॉल्व्हलाही तेल सोडलं. तो आठवड्याभराने फिरू लागला. आता महिन्यातून एकदा तो पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचा, असा नेम आम्ही केला आहे. तुमच्याही घरी असा वॉल्व्ह असेल. त्याला अधूनमधून हात लावत जा. ज्या दिवशी तो खरोखर लागेल, त्या दिवशी तो फिरायला हवा.

नवा नळ मिस्त्रींनी हाताला लागेल इतकाच आवळला होता. आणखी थोडा घट्ट करा, असं मी सुचवलं, तर ते म्हणाले, ‘‘गळत नाही ना? मग बास. हा पण कधीतरी कुणाला काढावा लागेल की ओ.’’ आणि ओट्याखालच्या भिंतीवर, सहसा कुणाला दिसणार नाही अशा जागी, त्यांनी पेन्सिलने त्या दिवसाची तारीख लिहून ठेवली. पुढे जो कुणी येईल, त्याचा पहिला प्रश्न तोच असेल.